साकाईत सुरी घेताना

ओसाकाहून साकाईला जायला वेगवान रेल्वे आहे, पण तिने गेलं की ओसाका कुठे संपलं आणि साकाई कुठे लागलं याचा पत्ता लागत नाही. भाची म्हणाली, "मामा, तू सुरी घ्यायला चालला आहेस, ऑफिसला नाही. ट्रामने जाऊ." तेन्नोजीहून निघणारी हान्काईची एका डब्याची ट्राम घरांच्या मागच्या अंगाने, वाळत घातलेल्या कपड्यांना खेटून खडखडत जाते, सुमियोशीच्या देवळासमोर रस्त्यावर येते आणि पुढे यामातो नदीचा लांब पूल ओलांडला की साकाई. ही नदी मुळात इथली नाही. वरच्या भागातले पूर आवरायला १७०४ मध्ये नवं पात्र खणून तिला इकडे वळवलं. तिकडच्या शेतकऱ्यांची सोय झाली, पण नदीने आणलेल्या गाळाने साकाईचं बंदर भरत गेलं.

एके काळी हे बंदर म्हणजे जपानच्या व्यापाराचं नाक होतं. चहाच्या विधीला शिस्त लावणारा सेन नो रिक्यू इथलाच, १५२२ चा जन्म. आणि फ्रान्सिस झेवियरही क्योटोच्या वाटेवर इथे उतरला होता. गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्याचं शव आपण रांगेत उभं राहून पाहतो, तोच. साकाईत तो ज्या व्यापाऱ्याकडे राहिला त्याच्या घराच्या जागी आज झेवियरच्या नावाची बाग आहे. गोवा, मलाक्का आणि मग जपान हा पोर्तुगीजांचा ठरलेला रस्ता, आणि इथल्या सुरीचा एक धागा त्याच रस्त्याला बांधलेला आहे. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली. जपान्यांना ती केसासारखी बारीक कातरलेली हवी, आणि तशी कातरायला पातं हवं. साकाईच्या लोहारांनी ते इतकं नामी बनवलं की तोकुगावा राजवटीने त्यावर साकाईचा अधिकृत शिक्का मारायला मान्यता दिली. तंबाखू आपल्याकडेही पोर्तुगीजांनीच आणली, पण आपण ती तळहातावर चुना लावून मळली. त्यातून काही सुरी निघाली नाही.

लोहार मात्र त्याच्याही आधीपासूनचे. शहराच्या मध्यावर निंतोकू सम्राटाची मानली जाणारी पाचव्या शतकातली समाधी आहे, वरून पाहिलं तर कुलपाच्या भोकाच्या आकाराची आणि जवळजवळ ४८६ मीटर लांब. जमिनीवरून फक्त खंदक आणि झाडीने भरलेली टेकडी दिसते. २०१९ मध्ये ती आणि आसपासच्या समाध्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. एवढी माती उपसायला अवजारं लागली, अवजारांना लोहार लागले आणि ते इथेच राहिले, अशी साकाईची स्वतःबद्दलची गोष्ट आहे. पुढे त्यांनी बंदुकाही घडवल्या. १९२१ मध्ये शिमानो नावाच्या कारागिराने इथेच सायकलचे सुटे भाग करायला घेतले. पुण्यात आज महागड्या सायकलीचे गिअर बदलताना ज्या कंपनीचं नाव दिसतं, ती हीच.

आम्ही म्योकोकुजी देवळाच्या थांब्यावर उतरलो. देऊळ त्याच्या अवाढव्य सायकसच्या झाडासाठी प्रसिद्ध आहे आणि १८६८ च्या एका भयंकर प्रकरणासाठीही. तोसा प्रांताच्या सैनिकांनी साकाईत अकरा फ्रेंच खलाशी मारले, त्याची शिक्षा म्हणून इथे एकेका सैनिकाला पोट चिरून घ्यायला लावलं आणि अकरावा झाल्यावर थांबवलं. सुऱ्यांच्या गल्लीत शिरायच्या आधी ही हकीकत वाचू नये असं माझं मत आहे. भाचीने ती वाचून दाखवलीच.

तिला एक कोडं पडलं होतं. जपानात उत्तम स्टेनलेस सुऱ्या मिळतात, त्या गंजत नाहीत, भांड्याच्या यंत्रात टाकल्या तरी निदान दिसायला तशाच राहतात. मग मामाला मुद्दाम गंजणारी सुरी का हवी? मी तिला विळीची आठवण करून दिली. आमच्या घरातली विळी गंजायची. कैरी चिरली आणि तशीच ठेवली की तासाभरात पातं काळंनिळं. म्हणून भाजी चिरून झाल्याबरोबर ती धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, आडवी करून भिंतीशी सरकवायची हा नियम होता आणि तो घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. त्या बदल्यात दगडावर दोन हात मारले की विळी पुन्हा लखलखीत चालायची. स्टेनलेसला गंजू न देणारं क्रोमियम त्यात किमान साडेदहा टक्के असतं. ते कार्बनशी जुळून कठीण कण तयार करतं आणि मग घरच्या दगडावर धार काढताना घाम फुटतो. निव्वळ लोखंड-कार्बनच्या पोलादाचे कण बारीक. ते दगडाचं लवकर ऐकतं, धार पातळ घेतं, आणि ओलं ठेवलं तर गंजतं. गंज आणि धार एकाच स्वभावाचे दोन भाग आहेत. ज्याला धार आपल्या हाताने लावायची आहे त्यानेच ही सुरी घ्यावी, बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

साकाईची सुरी एका माणसाच्या हातून होत नाही. घडवणारा एक, घासून धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा. तिघांची कामाची घरं वेगळी, आणि दुकानदार या सगळ्यांना जोडणारा. घडवणाऱ्याची भट्टी पाहायची सोय भाचीने आधीच लिहून करून ठेवली होती. पत्र्याची शेड, जमिनीत खोल खड्डा. हातोडा कमरेच्या उंचीवर यावा म्हणून लोहार त्या खड्ड्यात उभा राहून काम करतो. मऊ लोखंडाची पट्टी लाल होऊन बाहेर आली. तिच्यावर त्याने पांढरट पूड भुरभुरली: टाकणखार आणि लोखंडाचा कीस. आपले सोनार डाग देताना वापरतात तोच टाकणखार. त्यावर बोटभर रुंदीची पोलादाची पट्टी ठेवली, दोन्ही पुन्हा भट्टीत गेल्या, आणि बाहेर आल्यावर यांत्रिक हातोड्याचा पहिला घाव बसताच वितळलेला टाकणखार ठिणग्या होऊन चहूकडे उडाला. तीन-चार घावांत दोन धातू एक झाले. सांधा शोधूनही दिसेना. माशाच्या जपानी सुऱ्यांना हे पोलाद एकाच अंगाला असतं. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या सुरीत ते मधोमध असतं आणि मऊ लोखंड दोन्हीकडून त्याला धरून ठेवतं. नुसतं कठीण पोलाद ठोकर लागली की तुटेल, नुसतं मऊ लोखंड धार धरणार नाही.

पाणी देण्याची वेळ आली तेव्हा त्याने दिवे मालवले आणि दार ओढून घेतलं. पात्यावर आधीच चिकणमातीचा पातळ लेप देऊन वाळवला होता, म्हणजे पाण्यात बुडताच भोवती वाफेचा थर न धरता पातं सारखं निवतं. सुमारे ८०० अंशांना पोलादाचा जो रंग होतो तो उजेडात ओळखू येत नाही. त्याने तापमापकाकडे पाहिलं नाही, पात्याकडेच पाहत राहिला, एकदम बाहेर काढून पाण्यात सोडलं. नंतर ते हलकं तापवून, १८० अंशांच्या आसपास, त्याचा ठिसूळपणा काढतात. हा १८० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

मग दुकान. टोकियोत कप्पाबाशीच्या रस्त्यावर सुऱ्यांची दुकानं रांगेने आहेत आणि तिथे गिऱ्हाईक सुरी निवडतं. इथे काउंटरमागच्या वयस्क बाईंनी आधी आमचीच परीक्षा घेतली. काय चिरता? हाडं तोडता का? घरात ही सुरी आणखी कोण वापरणार? दगड आहे का? भाची भाषांतर करत होती आणि शेवटच्या प्रश्नाला तिने माझ्याकडे न बघताच "नाही" असं उत्तर देऊन टाकलं. बाईंनी काउंटरवरच्या दोन सुऱ्या उचलून परत आत ठेवल्या.

आकाराचा निर्णय सोपा होता. जपानात मांसाहारावरची जुनी बंधनं सैल झाली, १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि पाश्चात्त्य स्वयंपाकाबरोबर त्यांची लांब, टोकदार सुरीही आली. तिला जपानी लोहारांनी पातळ आणि हलकं करून ग्युतो बनवली. घरासाठी २१० मिलिमीटरची पुरे. ओटा लहान असेल तर १६५ ते १८० मिलिमीटरची सांतोकू. नुसती पालेभाजी, कोबी, कांदा एवढंच असेल तर चौकोनी पात्याची नाकिरी, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मराठी घरांना तीच शोभेल. मी ग्युतो घेतली कारण मला कोबीचा गड्डा एका लांब ओढीत कापायचा होता. यात तर्क नाही, हौस आहे.

पोलादाची निवड मात्र हौसेवर सोडू नये. शिमाने प्रांतातल्या यासुगीला तयार होणारं हे पोलाद पांढऱ्या किंवा निळ्या कागदात बांधून येतं आणि त्या कागदाच्याच नावाने विकलं जातं. पातं निळं नसतं. पांढरं म्हणजे जवळजवळ नुसतं लोखंड आणि कार्बन. त्यातल्या दोन नंबरच्या जातीत कार्बन १.०५ ते १.१५ टक्के. निळ्यात थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार जास्त टिकते, पण दगडावर वेळही जास्त लागतो, आणि गंजतं तेही. बाईंनी मला पांढरं दोन नंबर दिलं. त्यांचा हिशेब असा की शिकाऊ माणसाला दगडावर पटकन फळ दिसलं पाहिजे, नाहीतर तो दगड कपाटात ठेवून देतो. तिसरा पर्याय आतून कार्बनचं पोलाद आणि बाहेरून स्टेनलेसचं कवच. गंजायला फक्त धारेजवळची पट्टी उघडी राहते. वाचकांपैकी दहातल्या आठांनी हीच घ्यावी असं मी सांगेन.

शोकेसमध्ये लाटालाटांच्या नक्षीची, आरशासारखी चमकणारी पाती होती. ती सुंदर दिसतात, महाग असतात आणि कांदा त्यांना ओळखत नाही. धार मधल्या पोलादाची, नक्षी बाहेरच्या थरांची. मी साधी, काळसर पाठीची सुरी काढायला लावली. १५,००० ते २५,००० येनमध्ये अशी चांगली सुरी मिळते. बाईंनी पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाठीच्या रेषेत दिव्याकडे पाहायला शिकवलं: वाक असेल तर रेष तुटते. मग धार खाली करून सपाट फळीवर टेकवायची आणि पलीकडून उजेड कुठे झिरपतो ते बघायचं. टोकाकडे वळण असतं तिथे उजेड दिसणारच, टाचेजवळ दिसला तर ती सुरी परत करायची. पाठीच्या कडा बोटाला टोचता कामा नयेत, कारण धरताना अंगठा आणि तर्जनी मुठीवर नाही, पात्याच्या टाचेवरच येतात.

भाची डावखुरी. तिने सहज माशाची एकअंगी सुरी उचलली आणि बाईंनी ती हळूच काढून घेतली. त्या सुरीची धार एकाच बाजूने घासलेली असते. डाव्या हातात ती कापताना आत वळते. डाव्या हाताची वेगळी करून घ्यावी लागते आणि ती बरीच महाग पडते. दोन्ही अंगांनी धार असलेल्या ग्युतोला ही अडचण नाही, फक्त मूठ पाहायची. एका बाजूला उंचवटा असलेली मूठ उजव्या हाताची, अष्टकोनी कुणालाही चालते. माझ्या सुरीला मॅग्नोलियाच्या जातीच्या हलक्या लाकडाची अष्टकोनी मूठ आहे आणि तोंडाशी म्हशीच्या शिंगाची शेंबी. शिंगाने लाकूड फाटत नाही आणि पाणीही आत कमी जातं.

नाव कोरून देतात, विनामूल्य. मी कागदावर देवनागरीत आडनाव लिहून दिलं. आतून आलेल्या माणसाने कागद उलटासुलटा करून पाहिला, शिरोरेघ आधी मारायची की नंतर, असं विचारलं. "नंतर," मी म्हटलं. त्याने छिन्नी टेकवून छोट्या हातोडीने टकटक सुरू केली, एकेक घाव म्हणजे एकेक बारीक त्रिकोण, आणि त्या त्रिकोणांची रांग लागत अक्षर उमटलं. शेवटी शिरोरेघ. ती किंचित उतरली आहे आणि मला तशीच आवडते. सुरी कागदात, मग खोक्यात, मग चिकटपट्टीने बंद. जपानात सहा सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा ते खोकं हॉटेलात पोहोचेपर्यंत उघडायचं नाही, आणि विमानात सामानाच्या बॅगेतच टाकायचं.

दगडही तिथेच घेतला, १००० नंबरचा. बाईंनी तो पाण्यात घालून ठेवला. बुडबुडे थांबले की दगड तयार. करंगळीचं टोक पाठीखाली मावेल इतकी पाठ उचलायची, २१० च्या सुरीला तो कोन साधारण १५ अंश होतो. डाव्या हाताची तीन बोटं पात्यावर, दाब धारेच्या मागे, ढकलायचं आणि ओढायचं. दगडावर राखाडी चिखल जमतो तो धुवायचा नाही, घासण्याचं अर्धं काम तोच करतो. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूने बोट पाठीकडून धारेकडे आडवं नेलं की बारीक खरखर लागते. ती टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली म्हणजे ही बाजू झाली, सुरी पालटायची. मी दोनदा कोन सोडला आणि दोन्ही वेळा बाईंना माझ्या हाताकडे न पाहता नुसत्या आवाजावरून ते कळलं. कोन बरोबर असला की आवाज एकसारखा येतो. दगड मध्ये खोलगट झाला की सुरीची धारही बिघडते, म्हणून तो अधूनमधून सपाट करत राहायचा.

पुण्यात परत आल्यावर आठवडाभर कांद्याने तक्रार केली. नव्या कार्बनच्या पात्यावर कांदा काळपट होतो आणि त्याला लोखंडाचा वास येतो. मग पात्यावर निळसर-करडी सावळी चढली आणि हे बंद झालं. ती सावळी घासून काढू नये, ती आली की लाल गंज जरा लांब राहतो. लिंबू, टोमॅटो, कैरी चिरताना मध्येच एकदा पातं ओल्या फडक्याने पुसायचं, आणि काम झाल्यावर धुऊन लगेच कोरडं करायचं. ताटाखाली झाकलेली भाजी वाट बघू शकते, सुरी नाही. लाल ठिपका आलाच तर बाटलीच्या बुचावर भांड्याची बारीक पूड घेऊन तिथेच चोळायचा. जुलै-ऑगस्टमध्ये सुरी रोज वापरात नसेल तर तेलाचा हात. जपानी लोक कॅमेलियाचं तेल लावतात. खोबरेल चालतं, पण महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर ते खवट आणि चिकट होतं. लाकडी म्यानात ओली सुरी घातली तर म्यानातच गंजते.

नारळ, फणस, बर्फ झालेलं मटण आणि कोंबडीचं हाड या सुरीला दाखवायचं नाही. इतकं कठीण पोलाद पिळलं की धारेचा टवका उडतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात चिरायचं नाही, लाकडी फळी हवी, आणि चिरलेली भाजी कढईत लोटायची ती पाठीने. दारावर सायकल उभी करून, चाक फिरवून धार लावणारे येतात, त्यांच्या हाती ती देऊ नये. त्यांचं चाक कोरडं आणि वेगवान, ठिणग्या उडतात त्या दिसायला छान. पण धारेची कड कागदाइतकी पातळ, ती १८० अंशांच्या पलीकडे क्षणात जाते आणि लोहाराने अंधारात बसून दिलेलं पाणी तिथेच उतरतं. कड निळी पडली की ओळखायचं, तेवढा भाग मऊ झाला.

भाचीची आई, म्हणजे माझी बहीण, रत्नागिरीला असते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, माझी विळी काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही, फक्त आता गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. समुद्राची हवा, रोजची मासळी, कोकम, सगळं कार्बनच्या मुळावर येणारं. तेव्हा भाची गणपतीला येताना तिच्यासाठी बाहेरून स्टेनलेस असलेली १६५ मिलिमीटरची नाकिरी आणणार आहे. दगड मी नेऊन द्यायचा आणि पहिली धारही मीच लावायची, असं ठरलंय.